‘नाही’ म्हणू शकणारा वाचक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी तपासत होते. पत्रलेखनाचा प्रश्न नेहमीचाच होता: शाळेच्या वाचनालयातील पुस्तके विद्यार्थ्यांना नियमित मिळावीत, अशी विनंती करणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा. पंचेचाळीस मुलांनी तेच पत्र लिहिले होते, म्हणजे फळ्यावर मीच लिहून दिलेले: ‘वाचाल तर वाचाल’, ‘ग्रंथ हेच गुरू’, ‘तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’. सेहेचाळिसावे पत्र एका मुलीचे होते. तिने लिहिले होते की, पुस्तकांचे कपाट शाळा सुटल्यावर अर्धा तास उघडते. पण तिच्या वाडीला जाणारी एसटी सव्वापाचला सुटते आणि पुढची गाडी थेट दोन तासांनी असते. त्यामुळे पुस्तके फक्त गावातल्या मुलांनाच मिळतात, बाहेरून येणाऱ्यांना नाही. कपाट मधल्या सुट्टीत उघडावे. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या कारकून काकांची जेवणाची वेळ तीच असते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आम्ही तिघी मुली पाळीपाळीने नोंदवही सांभाळू, त्यांनी फक्त किल्ली द्यावी.

मी त्या पत्राला पाचपैकी चार गुण दिले. ‘विषय’ मायन्याच्या वर लिहायचा असतो, तिने तो खाली लिहिला होता. म्हणून एक गुण कापला. उत्तरपत्रिका गठ्ठ्यात गेली, गठ्ठा दोरीने बांधला आणि तो माळ्यावर गेला. ज्यांच्या नावे ते पत्र होते ते मुख्याध्यापक भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेले होते. उठून बारा पावले चालावे आणि हे पत्र त्यांच्या हातात द्यावे, असे मला सुचलेसुद्धा नाही. कपाटाची वेळ होती तशीच राहिली.

मराठी शाळांत मुलांना आपले म्हणणे पटवून द्यायला का शिकवता येत नाही, यावर गेली काही वर्षे मी जे काही ऐकते आणि वाचते, त्यात दोष दिला जातो तो मुलांच्या शब्दसंग्रहाला, मोबाइलला, इंग्रजी माध्यमाला, पालकांच्या अनास्थेला. माझे म्हणणे निराळे आहे. त्या मुलीला पटवून देता येत होते. तिच्याजवळ गाऱ्हाणे होते, पुरावा होता, समोरच्याची अडचण ओळखण्याची समज होती आणि त्या अडचणीवर तोडगाही होता. तिच्याजवळ नव्हता तो फक्त वाचक. तो आम्ही काढून घेतला होता. आणि नेमका हाच आमच्या लेखन-शिक्षणाचा गाभा आहे: पटवून देण्याची सगळी हत्यारे मुलाच्या हातात द्यायची आणि ज्याला पटवायचे तो माणूस तेवढा गायब करायचा.

*

प्रथम ‘वैचारिक निबंध’ नावाच्या वस्तूकडे पाहू. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी लिहिला असेल, कोण जाणे. विज्ञानाच्या जागी पुढे दूरदर्शन आले, मग संगणक, मग मोबाइल. सांगाडा तोच राहिला. दोन परिच्छेद फायद्यांचे, दोन तोट्यांचे, आणि शेवटी ठरलेला समेट: वस्तू वाईट नसते, तिचा वापर करणारा माणूस चांगला वा वाईट असतो. प्रश्नचिन्हाने सुरू झालेला हा निबंध प्रश्नाला हातही न लावता संपतो. त्यात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, कोणाचे मत तसूभर हलत नाही. ज्या लेखनातून कोणालाच काही सोडावे लागत नाही, त्याला ‘वैचारिक’ म्हणणे हा विचाराचा अपमान आहे.

दुसरा लाडका विषय म्हणजे वृक्षसंवर्धन. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ याला विरोध करणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडणार नाही. तरीही झाडे तोडली जातात. याचा अर्थ, तोडणाऱ्याजवळ काही कारणे आहेत. कोणाला रस्ता रुंद करायचा आहे. कोणाला बांधावरचे झाड विकून देणे फेडायचे आहे. कोणाच्या पिकावर सावली पडते आहे. ही कारणे खोटी नाहीत, काही तर चांगलीच वजनदार आहेत. निबंध त्यांच्याशी एकदाही बोलत नाही. तो बोलतो संतांशी, प्राणवायूशी आणि भावी पिढ्यांशी. म्हणजे जे उलटून काही विचारणार नाहीत अशांशी. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याच्याशी मात्र त्याचा संवाद नाही.

विषय असेच का निवडले जातात? कारण शाळेला ‘वादग्रस्त’ या शब्दाची धास्ती आहे. पण पटवून देण्याची गरज वादग्रस्त गोष्टीतच पडते. जे सर्वांना आधीच मान्य आहे ते काय पटवायचे? एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करणारा शासननिर्णय निघाला, जूनमध्ये त्याचे सुधारित रूप आले आणि २९ जून २०२५ रोजी दोन्ही शासननिर्णय मागे घेत असल्याचे सरकारने जाहीर केले. लोकांनी लिहून, बोलून, रस्त्यावर येऊन एका राज्य सरकारला निर्णय बदलायला लावला. कोणाला ते योग्य वाटले, कोणाला अयोग्य. पटवून देणे म्हणजे काय, कोणते मुद्दे कोणाला भिडले, कोणते नुसतेच ओरडले गेले, हे शिकवायला याहून चांगला धडा कोणता? शिवाय ज्यांच्या दप्तरात ती भाषा जायची होती, ती मुले वर्गातच बसलेली होती. पण त्या सबंध गदारोळात मुलांना काय वाटते हे विचारल्याचे क्वचितच कानावर आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हाही तेच: मुलांनी भाषेच्या गौरवाचे निबंध लिहिले. गौरव करायला वाद लागत नाही. म्हणून आम्हाला गौरव आवडतो.

वक्तृत्व स्पर्धांबद्दल फार बोलत नाही. ‘अध्यक्ष महोदय, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपासून टाळ्यांसाठी थांबायच्या जागेपर्यंत सगळे वडिलांनी किंवा शिक्षकांनी लिहून दिलेले असते. त्या मुलाला मध्येच कोणी एक साधा प्रश्न विचारला, तर त्याचे भाषण तुटते. कारण ते भाषण नसून पाठांतर असते. वादविवाद स्पर्धेत निदान समोर दुसरा पक्ष असतो; पण तोही आपले पाठ केलेले म्हणून खाली बसतो. दोन आगगाड्या शेजारच्या रुळांवरून विरुद्ध दिशांनी गेल्या, याला टक्कर म्हणत नाहीत.

*

इंग्रजी माध्यमाच्या महागड्या शाळांत परिस्थिती बरी आहे, असा एक समज मराठी पालकांत रूढ आहे. तिथे ‘पर्स्युएसिव्ह रायटिंग’ नावाचा स्वतंत्र घटक असतो, रंगीत कार्यपत्रके असतात, हे खरे. नात्यातल्या एका मुलाची अशी कार्यपत्रके मी आस्थेने पाहिली. त्यांत अमेरिकेतून आलेला पाच परिच्छेदांचा साचा आहे: पहिल्यात मत, पुढच्या तीनांत तीन कारणे, पाचव्यात तेच मत पुन्हा. कारणे तीनच का, याला उत्तर नाही. एखाद्याजवळ एकच कारण असेल आणि ते पुरेसे असेल, तर उरलेली दोन त्याने कुठून आणायची? आणि सात असतील, तर चार कुठे पुरायची?

ब्रिटिश शाळांतून आलेला दुसरा एक साचा आद्याक्षरांचा आहे: अनुप्रास, तथ्ये, मते, वक्तृत्वपूर्ण प्रश्न, भावनिक भाषा, आकडेवारी, त्रयी. या वस्तूंची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ‘अ-फॉरेस्ट’ असा शब्द करतात आणि मुले तो परीक्षेला पाठ करून जातात. लिहिताना एकेक वस्तू आली की मनातल्या मनात बरोबरची खूण करायची. यातल्या ‘आकडेवारी’वर क्षणभर थांबावे. परीक्षेच्या दालनात बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाजवळ आकडे कुठून येणार? तो ते घडवतो. ‘एका सर्वेक्षणानुसार ८७ टक्के विद्यार्थ्यांना’ असे तो बेधडक लिहितो आणि साधनाचा वापर केल्याबद्दल त्याला गुण मिळतात. आमच्या मराठी वर्गातले ‘एका थोर विचारवंताने म्हटलेच आहे’ हे त्याचेच गरीब भावंड. तिथे खोटा आकडा, इथे खोटा विचारवंत. आणि दोन्ही ठिकाणी शिक्षकाला ते ठाऊक असते. म्हणजे आपण मुलांना पटवून द्यायला शिकवत नाही, तर पटवून दिल्यासारखे दिसायला शिकवतो. आणि खोटे बोलणे हे त्या दिसण्याचे एक मान्यताप्राप्त अंग आहे, हेही जाता जाता शिकवतो.

शिवाय ही सगळी कारागिरी आता यंत्राला मुलांहून अधिक सफाईने येते. तीन कारणे, एक सुभाषित, एक हेलावणारा समारोप हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन अर्ध्या मिनिटात लिहून देते, मराठीतही. अनेक शिक्षक त्यामुळे हवालदिल झाले आहेत. मला वाटते, त्या यंत्राचे आभार मानावेत. ज्या लेखनाला लिहिणारा लागत नव्हता आणि वाचणाराही लागत नव्हता, ते लेखन यंत्राने केले तर गेले काय? पण सव्वापाचच्या एसटीचे पत्र त्या मुलीवाचून कोणालाही सुचले नसते.

*

आता कोणी म्हणेल, शाळकरी वयात खरा युक्तिवाद जमत नाही. म्हणून आधी साचे द्यायचे, विचार मागाहून येतो. या म्हणण्याला उत्तर मराठीच्याच इतिहासात आहे, आणि तेही शाळकरी वयातलेच.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी होती मुक्ताबाई. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय साधारण चौदा, आणि अक्षर ओळखू लागून जेमतेम तीन वर्षे झालेली. तिला कोणी ‘आकर्षक सुरुवात’ शिकवली होती की नाही, ठाऊक नाही. पण तिचा युक्तिवाद पाहा. वेद आमचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे प्रतिपक्ष म्हणतो. ठीक, ती ते मान्य करते. मग त्यावरून निघते काय? ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीच मोकळीक नाही त्यांना धर्मग्रंथ नाही; आणि ग्रंथ नाही त्यांना त्या ग्रंथाचा धर्मही नाही. तर मग आमचा धर्म कोणता, तो तरी सांगा. प्रतिपक्षाचे विधान जसेच्या तसे उचलून त्याच्याच दारात नेऊन ठेवण्याची ही हातोटी आहे. पुढे ती छपराविना, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते आणि वाचणाऱ्याला म्हणते, आपल्या अनुभवावरून हे ताडून पाहा. वाचकाच्या घरातही बाळंतपण झालेले असते, हे तिला पक्के ठाऊक आहे.

हे धाडस तिला कशाने दिले? वेदना तर लाखोंची होती. शाळेने तिला अक्षर दिले, हे झालेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली: तुझे म्हणणे दूरच्या, तुझ्याविरुद्ध असलेल्या माणसांपर्यंत जाईल, हा भरवसा. निबंध वहीत राहिला नाही. तो छापला गेला, आणि ज्यांना तो झोंबावा त्यांच्याही हाती पडू शकेल अशा ठिकाणी छापला गेला.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा जो भाग आजही ताजा वाटतो, त्याचे रहस्य हेच आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला, आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीवर झोड उठली. त्या झोडीला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन मांडले. त्यांनी आधी शाळा चालवण्याचा आपला अनुभव सांगितला. मग सरकारी तिजोरीतला पैसा येतो कोणाच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो कोणासाठी, हे दाखवले. आणि मग निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी केली. आयोगाला काय नाकारता येणार नाही, याचा हिशोब त्यात आहे. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तला उपहास ज्यांना मुळीच रुचत नाही, त्यांत मीही आहे, पण १८७४ पासून सात वर्षे त्या माणसाने कोणाशी तरी भांडण मांडले होते, हे नाकारता येत नाही. टिळक-आगरकरांचे गद्य घडले ते एकमेकांना उत्तरे देण्यात. यांपैकी एकानेही कोणाशीच न बोलणारा निबंध लिहिला नाही. आणि त्यांचेच उतारे पाठ्यपुस्तकात घालून, खाली ‘लेखकाच्या मते’ असे प्रश्न टाकून, आपण मुलांना शिकवतो की लेखन ही कोणाशीही न भांडता करायची गोष्ट आहे.

*

हे फार जुने वाटत असेल, तर अलीकडचे घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी तिथल्या पत्रकारांसमोर जाऊन पत्रकार परिषद घेतली. विषय होता दप्तराचे ओझे. रोज सोळाच्या वर वह्यापुस्तके न्यावी लागतात, दप्तर पाच ते सात किलोंचे होते आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, असे त्यांनी सांगितले. नुसती तक्रार करून ती थांबली नाहीत. पुस्तके शाळेतच ठेवण्याची सोय करता येईल, रोज लागणारी पुस्तके कमी करता येतील, असे उपायही त्यांनी सुचवले. शाळेकडे आधी विनंती करून झाली होती. दाद लागली नाही, म्हणून ती पत्रकारांकडे आली होती. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासननिर्णय त्याच्या वर्षभर आधी, जुलै २०१५ मध्ये निघालेला होता.

त्या दोघांनी केले ते पाहा. आकडा सांगितला, तो स्वतःच्या खांद्यावरचा. जिना सांगितला, तो स्वतःच्या पायांखालचा. उपाय सांगितला, तो शाळेला परवडणारा. आणि पहिला दरवाजा बंद दिसला तेव्हा दुसरा ठोठावला. मराठीच्या कोणत्याही लेखनकौशल्य-विभागात याला पैकीच्या पैकी गुण मिळायला हवेत. पण विभागात याला जागाच नाही. ‘दप्तराचे ओझे’ हा निबंधविषय मात्र तेव्हाही होता, आजही आहे. सुरुवातीला एखादी कविता, शेवटी ‘बालपण हरवत चालले आहे’ हे वाक्य.

इथे मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते. शाळेला हे शिकवता येत नाही असे नाही. शाळेला हे शिकवायचे नाही. मुलाच्या आयुष्यात ज्यांना काही पटवून द्यायचे असते असे मोठे लोक किती? आईवडील, मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शिकवणीचे सर. म्हणजे मूल खरोखर युक्तिवाद शिकले, तर त्याचा पहिला वार शाळेवरच पडणार. गृहपाठ एवढा का? मुलींना स्वच्छतागृहासाठी दुसऱ्या इमारतीत का जावे लागते? सहलीचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांची नावे वर्गात का वाचतात? याची उत्तरे द्यावी लागतील. म्हणून आपण मुलाला ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ हा निबंध देतो. मुख्यमंत्री दूर आहे, आणि मूल मुख्यमंत्री होण्याचीही शक्यता नाही. ‘मी माझ्या मुख्याध्यापकांच्या जागी असते तर’ हा विषय मी पंचवीस वर्षांत एकदाही दिला नाही. आज विचारते, का नाही? सरळ उत्तर भीती हे आहे.

*

आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप फार जुना आहे: पटवून देण्याची कला शिकवली की लबाड, वाचाळ माणसे तयार होतात. ग्रीसमध्ये प्लेटोने हाच आक्षेप वक्तृत्वशिक्षकांवर घेतला होता. आपल्याकडे न्यायदर्शनाने त्याचे उत्तर भेद करून दिले आहे. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे नुसते खंडन करायचे ती वितंडा. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडावा लागे, आणि तो दुबळा करून मांडला तर सिद्धान्तही दुबळाच ठरे. ती परंपरा बहुसंख्यांना दाराबाहेर ठेवून चालली, हे विसरून तिचे पोवाडे गाण्याचा माझा हेतू नाही. मुक्ताबाईचा निबंध त्या बंद दारावरचीच थाप आहे. पण शिस्त म्हणून पूर्वपक्ष अमोल आहे. ज्या मुलाला आपल्या विरोधकाचे म्हणणे, विरोधकालाही ‘हो, हेच माझे म्हणणे’ असे वाटेल अशा शब्दांत लिहावे लागते, ते मूल लबाड होण्याचा संभव कमी. लबाडी साच्यातून येते, पूर्वपक्षातून नव्हे. आणि आपण शिकवले नाही म्हणून जल्प आणि वितंडा मुलांपासून दूर राहिलेल्या नाहीत. संध्याकाळी दूरचित्रवाणी लावली की घरोघर त्यांचेच वर्ग भरतात. शिकायचा राहतो तो फक्त वाद.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. साठ-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा युक्तिवाद वाचायचा कधी? या आक्षेपापुढे माझी मान खाली जाते, कारण त्या खुर्चीत मी बसले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्याच कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावू नयेत असे सांगितले, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढी कामे अपवाद म्हणून ठेवली. शिक्षक थकलेला आहे, हे खरे. पण एका शैक्षणिक वर्षात प्रत्येक मुलाकडून बारा निबंध लिहून घेऊन, त्यांतला एकही न वाचता खाली लाल सही करण्यापेक्षा दोनच लिहून घ्यावेत आणि ते वाचावेत. कमी लिहून घेणे हा शिक्षकाच्या हातातला निर्णय आहे; त्याला शासननिर्णय लागत नाही.

तिसरा आक्षेप शिस्तीचा: मुले उद्धट होतील. माझा अनुभव उलट आहे. ज्याला आपले म्हणणे ऐकले जाईल असे वाटते, तो सौम्य बोलतो. त्या मुलीच्या पत्रातला सर्वांत हृद्य भाग कारकून काकांच्या जेवणाचा होता. समोरचा माणूस खरा आहे हे कळले की त्याच्या भुकेचाही विचार करावा लागतो. उद्धटपणा हा बहुधा कोणीच ऐकत नसल्याचा आवाज असतो.

*

मग करायचे काय? नवा अभ्यासक्रम, नवे प्रशिक्षण, नवी समिती यांची वाट मी पाहत नाही. चार गोष्टी उद्याच्या तासाला करता येतात.

प्रत्येक पत्राला खरा पत्ता असावा: ग्रामपंचायत, एसटीचे आगार, ग्रंथालय, मुख्याध्यापक, घरातले आजोबा. आणि ते पत्र त्या पत्त्यावर जावे. उत्तर आले तर वर्गात वाचावे. नकार आला तर अधिकच काळजीपूर्वक वाचावे, कारण नकारातून जेवढे शिकता येते तेवढे लाल शाईतून येत नाही. दुसरे, आकडा लिहायचा तर तो स्वतः मोजलेला असावा. गल्लीतल्या बंद दिव्यांचा असो की दप्तराच्या वजनाचा, लहान चालेल, खोटा चालणार नाही. तिसरे, उत्तरपत्रिकेत पूर्वपक्षाला गुण ठेवावेत. ज्याने विरोधी बाजू न्याय्यपणे मांडली नाही त्याचे बाकीचे कितीही गोड असो, ते अपुरे मानावे. चौथे, वर्षातून एकदा तरी मुलाने आपले आधीचे मत बदलले असेल तर ते का बदलले, यावर लिहावे. जो स्वतः कधी पटत नाही, त्याला पटवून देण्याचा अधिकार कोणता?

आणि यांतून एखादे पत्र आपल्याविरुद्ध आले, तर ते मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी वाचावे. पटले तर बदलावे. पटले नाही तर मुलाला बोलावून कारण सांगावे. ‘नाही’ म्हणण्याचा आपला हक्क आहेच. कारण न सांगण्याचा नाही. मोठ्या माणसाने आपल्या नकाराचे कारण आपल्याला सांगितले, हा अनुभव ज्या मुलाला शाळेत एकदा आला, त्याला नागरिकशास्त्राचा तो धडा पुन्हा शिकवावा लागत नाही.

असो. वाचनालयाच्या कपाटाचे काय झाले, असे कोणी विचारील. मी ती शाळा सोडेपर्यंत ते शाळा सुटल्यावरच उघडत होते. ती मुलगी आता तिशीच्या आसपास असेल; कुठे असते, ठाऊक नाही. तिने आपले पत्र योग्य माणसाच्या नावे लिहिले होते. त्याला पहिला वाचक मिळाला ती मी, आणि मी त्यात फक्त ‘विषय’ कुठे आहे तेवढे पाहिले. कापलेला तो एक गुण तिचा नव्हता. तो माझ्या खात्यावर अजून बाकी आहे.